भाजलेलं भात

इंदिरानगर, नाशिक
९ ऑगस्ट २००४

प्रिय स्नेहल,

पत्र बघून हसशील. दोन गल्ल्या पलीकडे राहते आणि पत्र लिहिते! पण फोनवर मला खरं बोलता येत नाही, तुझ्यासमोर तर मुळीच नाही. तेव्हा आधीच सांगून टाकते, सगुणाबाई जळगावला गेल्यापासून मी तुझ्यावर जळते आहे. दूध आणायला मुद्दाम लांबच्या रस्त्याने जाते, योगवर्गाचा तुझा हॉल वाटेत लागू नये म्हणून. 'तुझा हॉल' लिहितानाही पेन अडलं.

बाईंच्या वर्गात मी तुझ्या कितीतरी आधीपासून. चित्त, वृत्ती, क्लेश, संस्कार, सगळे शब्द अर्थासकट पाठ. शनिवारी आसनं झाली की बाई एक शब्द द्यायच्या आणि त्याचं घरातलं उदाहरण मागायच्या, तेव्हा सगळ्या बायका आधी माझ्याकडे बघायच्या. मग तू आलीस, घोटीच्या भातगिरणीवाल्यांची सून, हातात पाटल्या, आणि कंबर अशी वाकते जणू तिला हाडच नाही. तेही सोसलं मी. पण बाईंनी 'दग्धबीज' विचारलं तो शनिवार आठवतो? मी उभी राहून सांगितलं, की कारणच जळालं तर कार्य होणार नाही, तसे साधनेने भाजलेले क्लेश, म्हणजे मनातले राग-द्वेष, पुन्हा उगवत नाहीत. बाई म्हणाल्या, बरोबर. आणि तू बसल्या जागेवरून म्हणालीस, "मुरमुऱ्यासाठी भाजलेलं भात बाई, दिसतं दाण्यासारखंच, पण पेरलं तर उगवत नाही." बाईंचे डोळे भरून आले. माझ्या कुठल्याही व्याख्येवर ते कधी भरले नव्हते.

शास्त्रात फोफावलेल्या क्लेशाला 'उदार' म्हणतात. त्या अर्थी त्या दिवसापासून मी फार उदार बाई आहे.

आता तुला माहीत नसलेलं सांगते. मुलाकडे जळगावला कायमचं जायचं ठरल्यावर बाईंनी आधी मलाच बोलावलं होतं. म्हणाल्या, मीना, वर्ग तू घेतेस का? वर्षानुवर्षं मी ह्याच प्रश्नाची वाट बघत होते गं! आणि तोंडातून काय निघालं, तर "छे हो बाई, मला कुठलं जमतंय! स्नेहल आहे की." आपल्यात कसं असतं, पानात दुसरी पोळी पडताना आधी नको म्हणायचं, वाढणारीने आग्रह करायचा, मग घ्यायची. मी माझं 'नको' म्हणून पदर सावरून बसले. पण बाई पडल्या सत्य पाळणाऱ्या. नको म्हणजे नको. "बरं," म्हणाल्या आणि हॉलची किल्ली तुझ्याकडे गेली. तू पेढे घेऊन आलीस तेव्हा मी डोकं दुखतंय म्हणून आत झोपून राहिले. पेढा नंतर खाल्ला. चांगला होता, त्याचाही राग आला.

हे सगळं आज का लिहिते आहे, तर काल तुझे यजमान, लखनभावजी, आले होते. म्हणाले, "वैनी, शनिवारचे शब्द तुम्हीच शिकवा म्हणती ती. तिला आसनं जमत्यात, शब्दांचं काय खरं नाय." आणि ही मेली जीभ! "नको हो, मला कुठलं जमतंय!" भावजींनी चहा संपवला, "बरं, सांगतो तिला," म्हणाले आणि स्कूटरला किक मारली. कोपऱ्यावर वळेपर्यंत मी खिडकीत उभी. आग्रह करायची रीतच मोडली की काय ह्या नाशकातून? म्हणून लिहिते, स्नेहल, माझं 'नको' खरं धरू नकोस. शब्द दुसऱ्या कुणाला देऊ नकोस. मी येते. शनिवारी पहिला शब्द 'मुदिता' घेईन, दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघून होणारा आनंद. व्याख्या मी सांगेन. घरातलं उदाहरण मात्र तू दे, माझ्या घरात ते अजून सापडलेलं नाही.

तुझ्यावर जळणारी, तरी तुझीच,
मीना