कामतघरचा बाओ आणि माझं लग्न

तीर्थरूप मैनाआत्यास,

विपुलचा सप्रेम जय भीम. तुझा गुडघा कसा आहे? रोज गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसतेस ना? (नसशील. अकलोलीत राहून पाणी गॅसवर तापवणारी तू एकटीच.) मी बरा आहे. फोन केला असता, पण फोनवर तू मला दोन वाक्यांपुढे जाऊ देत नाहीस, म्हणून टमटमवाल्या रामनाथच्या हाती हे पत्र देतोय.

रविवारी तू सुचवलेली मुलगी, तुझ्या शेजारणीची मेघाली, बघायला गेलो. घरी नाही. पोह्यांचा ट्रे घेऊन मी कुणासमोर येणार नाही, मानकोलीच्या गोदामातली ड्युटी संपली की थेट हॉटेलात येईन, असा तिचा निरोप होता. हॉटेल आपल्या कामतघरात. बाबांनी ज्या शेडमध्ये अकरा वर्षं लूम चालवला (तीच, जिथं मी तीन दिवस टिकलो, त्याआधी सुरतला दीड महिना होतो, तिथला मुकादम पोपट पाळायचा, असो) तिथं आता जपान, कोरिया आणि थोडी भिवंडी एकाच ताटलीत मिळते. एक लूम शोभेला ठेवलाय, त्यावर कुंडी. आत इतकी शांतता की दौलतमामा (माझ्याकडून तेच होते, तिच्याकडून ती एकटीच) "पाणी!" म्हणाले तर चार टेबलं वळून बघायला लागली.

आधी बाओ आला. बाओ म्हणजे वाफवलेला पांढरा पाव, मधे दुमडलेला, आत कुरकुरीत बोंबील. मामांनी दोन घासांत संपवला. वेटरनं विचारलं, आणखी आणू? मामा म्हणाले, नको नको, भरलं पोट. आता आपल्याकडे याचा अर्थ काय ते तुला सांगायला नको. वाढणारा पुन्हा विचारतो, आपण ताटावर हात आडवा धरतो, तो बोटांच्या फटीतून वाढतो, आपण रागावल्यासारखं करून खातो. वेटर "ओके सर" म्हणून निघून गेला. मामा हात आडवा धरून बसलेलेच. नूडल्सचं तेच झालं, भाताच्या गुंडाळ्यांचं तेच. मुलगा हावरट दिसू नये म्हणून मीही दरवेळी नको म्हणत होतो. मेघाली दरवेळी "हो, आणा" म्हणाली आणि पोटभर जेवली.

मग हात पुसून तिनं सरळ विचारलं, "मला तुम्ही बरे वाटलात. करायचं का लग्न?"

आत्या, मलाही ती बरी वाटली होती. पण तासभर तोंडाला एकच वळण लागलेलं. मी म्हणालो, "नको नको, असू दे."

ती थांबली नाही. "ठीक आहे," म्हणाली, पर्स उचलली, गेली. गोदामात एकदा स्कॅन झालेलं खोकं पुन्हा कुणी स्कॅन करत नसणार.

बाहेर गाडीवर वडापाव खाताना मामा म्हणाले, "अरे येड्या, पोरीनं विचारल्यावर नको म्हणतात?"

"मामा, तुम्हीच सुरुवात केलीत."

"तो पाव होता रे!"

तर झालं ते असं. मला तसा काही फरक पडत नाही. नाशिकला एक काम आहे म्हणतात, बघू.

तुझा,
विपुल

ता.क. शनिवारी तिला दुसरा मुलगा भेटणार आहे. तेव्हा शनिवारच्या आत तिच्या आईकडे जा आणि सांग की आमच्या घरात पहिला "नको" धरत नाहीत. गुडघ्याचं नंतर बघू.

ता.क. दुसरा. मी स्वतः मानकोलीला तीन दिवस गेटवर उभा राहिलो. काल वॉचमननं मला नवा हमाल समजून रजिस्टरमध्ये सही घेतली. मी केली. आत मेघाली होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "जॅकेट घाला." हमालांचं होतं, घातलं. आठ तास खोकी उचलली. सुट्टी होताना तिनं विचारलं, "उद्या येणार?" मी तिचं वाक्य संपायच्या आत हो म्हणालो. आजही जाऊन आलो. नाशिकचं राहू दे.