मुकुंदरावांच्या पाइपची खाच

३ फेब्रुवारी
पाइप परत आला! मुकुंदराव स्वतः बरकतपुऱ्याहून रिक्षाने घेऊन आले. निवृत्त न्यायाधीश – निकाल उभ्यानेच दिला. धूर गरम येतो, जिभेला झोंबतो, शेवटी कडू पाणी. "लाकूड अच्छं आहे, सर. तुमच्या तोटीत गडबड आहे."

तोटी म्हणजे ओठांत धरायचा भाग. मीच केलेली – ज्याची पूर्वी फाउंटन पेनं होत त्या काळ्या एबोनाइटची. आतलं भोक गोल. ओठांशी ते चपटं करत रुंद खाच पाडावी लागते. खाच आतून नीट पसरली नाही तर धूर एकाच जागी आदळतो. बाहेरून यातलं काही दिसत नाही.

४ फेब्रुवारी
दिवसभर खाच. करवतीचं तुटकं पातं, मग सुईएवढी कानस. पुढे-मागे, पुढे-मागे. भारती म्हणाली, चाळीस वर्षं वर्गात कवितेचा अर्थही असाच उकरत होतात.

७ फेब्रुवारी
पुन्हा नापसंत. दुसऱ्या झुरक्याला ठीक, पाचव्याला जीभ भाजते म्हणे. काय ही जीभ! असा वाचक मला वर्गात एकाही वर्षी मिळाला नाही.
"हल्लू करा, सर. जल्दी नक्को." दोन तास बसले. चहा दोनदा.

८ फेब्रुवारी
नुसती हवा ओढून पाहिली. सुरळीत येते. दोष कळायचा तर पाइप पेटवायला हवा.
स्टेंट बसवल्याला सहा वर्षं झाली. त्या दिवशी हॉस्पिटलातच भारतीला शब्द दिला – पाइप करीन, ओढणार नाही. डॉक्टर हसले होते. भारती नाही.

९ फेब्रुवारी
ओढणं वेगळं, तपासणं वेगळं.

१० फेब्रुवारी
भारती मिरच्या आणायला बेगम बाजारात गेली. कोपऱ्यावरून दोन सिगारेटी घेतल्या, त्या उकलून तंबाखू पाइपात भरली. गच्चीवर पाच झुरके.
दोष सापडेना. म्हणून पुन्हा भरला.
धूर थंड. जिभेवर सपाट पसरणारा. कानस लावायला जागाच नाही! तरी नीट धुऊन, बाहेरून थोडी चकाकी आणली. नंतर बडीशेप.

१२ फेब्रुवारी
पाइप मुकुंदरावांच्या घरी नेऊन दिला. त्यांनी तो रिकामाच ओठांत धरला, डोळे मिटले, लांब श्वास घेतला. "अब बराबर. थंड धूर."
धूर?
सून हर्षदा दारापर्यंत सोडायला आली. हळूच म्हणाली, "काका, चार वर्षं झाली, बाबांच्या हाताला पेटवायला काडीसुद्धा लागू देत नाही आम्ही. रिकामाच ओढतात. तक्रार घेऊन गेले की तुमच्याशी दोन तास बोलणं होतं ना."
मी म्हणालो, छान झालं. आणि तिच्यापासून जरा लांब उभा राहिलो. सकाळी निघताना बडीशेप खायची राहिली होती.

१५ फेब्रुवारी
भारतीला गच्चीवर राख दिसली. मी सांगितलं, गिऱ्हाइकाचा पाइप तपासत होतो.
"अहो, कुणाचा?"
तीन दिवस झाले, घरात गिऱ्हाइकाचा एकही पाइप नाही.