मालकीण घरी, ड्रायव्हर गाडीवर

मी, सुगंधाबाई पुंजाराम शिंगाडे, वय एकसष्ट, राहणार पडेगाव, छत्रपती संभाजीनगर, पूर्ण शुद्धीवर, कोणाच्या धाकाला किंवा गोड बोलण्याला न भुलता हे लिहून ठेवते. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. मसुदा वकिलांचा, मधली वाक्यं माझी. वकील ती काढा म्हणाले. मी नाही म्हटलं.

कलम एक, घर. पडेगावचं घर सासूबाईंच्या मागे यजमानांचं झालं आणि यजमानांच्या मागे मुलांच्या संमतीनं माझ्या नावावर झालं. ते मुलगा बद्रीनाथ याला द्यावं. मागची खोली मुलगी आशा हिची, ती हयात असेपर्यंत. सुनेनं तिथं धान्याच्या कोठ्या ठेवू नयेत. बँकेत जे काही निघेल ते दोघांत सारखं वाटावं.

कलम दोन, तांब्याचा हंडा. हा माझी जाऊ चतुराबाई हिच्याकडे आहे. तिच्या लेकीच्या लग्नाला नेला, तो परत आलाच नाही. मागून मागून माझं तोंड दुखलं. तो मी तिला दिला असं समजावं, म्हणजे तिला माझ्या दहाव्याला तरी मान वर करून येता येईल.

कलम तीन. यजमानांची घोंगडी कोणाला देऊ नये. ती माझ्यावर घालावी.

कलम चार, वाहन. सात सीटची पांढरी टॅक्सी. इथं सविस्तर लिहिते, कारण भांडण इथंच होणार आहे.

माझे यजमान पुंजाराम यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्यांवर स्टेशन ते वेरूळ पर्यटक नेले. शेवटी स्वतःची गाडी घेतली, ती माझ्या नावावर. म्हणाले, "घर आईच्या नावावर, रान भावाच्या. तुह्या नावावर एक तरी काही असू दे." मला गाडी चालवता येत नव्हती, आजही येत नाही. तेव्हापासून ते मला मालकीण म्हणू लागले. सवारीनं भाड्यासाठी हुज्जत घातली की सांगायचे, मालकीण घरी आहे, तिला विचारावं लागेल. मला ते फार आवडायचं.

एके दिवशी रिकामी गाडी घेऊन परत येताना दौलताबादच्या रस्त्यावर मेंढरं आडवी आली. यांनी गाडी वडाकडे घेतली. मेंढरं वाचली, हे जागेवरच गेले. आमचं घर मेंढपाळांचं. दुसरं काही त्यांच्या हातून झालं नसतं.

विमा होता, हप्ता थकलेला नव्हता. कंपनीनं बॉनेट, काच, दिवे सगळं नवं करून दिलं, घासाघीस केली नाही. माणसाचाही विमा त्यात होता, पण तो मालकाचा, आणि तोही मालक स्वतः गाडी चालवत असला तर. म्हणजे विम्याच्या कागदावर ज्या बाईला जपलं होतं, तिनं स्टेअरिंगला कधी हात लावला नव्हता. पगारी ड्रायव्हरसाठी वेगळा हप्ता लागतो, तो आम्ही भरला नव्हता. नवऱ्याला पगारी कोण म्हणणार? विमा कंपनीच्या साहेबांनी सभ्यपणे विचारलं, "तुम्ही त्यांना पगार देत होतात का?"

मी म्हणाले, "भाकरी देत होते."

त्यांनी ते लिहून घेतलं नाही. माझा राग साहेबांवर नाही, नियम काही त्यांनी केला नव्हता. मला राग आला तो त्या नव्या बॉनेटचा, आणि तो अजून आहे. गाडी दुरुस्त होऊन दारात आली तेव्हा मी तिला ओवाळलं नाही.

आता ती गाडी आशा चालवते. बद्रीनाथचं म्हणणं असं, की माझ्यामागे गाडी त्याच्या नावावर व्हावी, हप्ते आणि कागद तो बघेल, आशानं खुशाल चालवावी. पोरगा वाईट नाही, हिशेबी आहे. त्याच्या मते विमा गाडीचाच असावा. चालवणारे बदलतात, गाडी तीच राहते. आशाला हे मान्य नाही. ती म्हणते, "इमा ड्रायव्हरचा पायजे. मी कुणाची बी गाडी चालवली तरी तो माह्यासंगं आला पायजे. गाडीला कुठं लेकरं हायेत?" हा वाद जेवताना निघतो आणि भाजी गार होते. मला आशाचं पटतं, पण नियम काही आमच्या ताटावर बदलत नाही. तोवर एवढंच हातात आहे, की जो चालवील त्याच्याच नावावर गाडी असावी. म्हणून सदर वाहन माझ्या पश्चात आशा हिला द्यावं.

इथवर लिहून मी वकिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, ठीक आहे, हे तुमच्या पश्चात लागू होईल. मी विचारलं, तोवर? तोवर आहे तसंच, म्हणाले.

आहे तसंच म्हणजे नाव माझं आणि गाडीवर आशा. मी जितकी जास्त जगेन तितकी ती त्याच रस्त्यानं, त्याच वडांखालून, तिच्या बापासारखीच विम्याविना उघडी फिरणार. उद्या सकाळी तिला वेरूळची सवारी आहे.

सबब कलम चार रद्द. ते खोडू नये, बद्रीनाथनं वाचावं. वाहन या मृत्युपत्रातून वगळलं आहे, कारण ते मी माझ्याजवळ ठेवणार नाही. उद्याची सवारी आशानं दुसऱ्याला द्यावी. आम्ही मायलेकी आरटीओत जाऊन गाडी तिच्या नावावर करायला देतो. नाव आणि विमा बदलून हातात येईपर्यंत गाडी दारात उभी राहील. आरटीओत आम्ही रिक्षानं जाणार आहोत.

ठिकाण: पडेगाव, छत्रपती संभाजीनगर
दिनांक: १८ जून २०२४

साक्षीदार:
१. आवडाबाई मुंजाबा काळे, शेजारीण
२. कारभारी सांडू गाडेकर, यजमानांच्या लाइनीवरचे ड्रायव्हर

लिहून देणार:
सुगंधाबाई पुंजाराम शिंगाडे
मालकीण, उद्यापर्यंत