लोण्यासारखं बेअरिंग

ती. दाजी,

तुमच्या धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार. ताईचा गुडघा आता जिना चढू देत असेल आणि तुमचा खोकला तुम्हाला वर्गात दोन वाक्यं सलग बोलू देत असेल, अशी आशा आहे. आम्ही सगळे ठीक. मी तर उत्तमच आहे असं लिहिणार होतो, पण पत्र पुढे वाचल्यावर तुम्ही त्यावर विश्वास ठेवणार नाही, म्हणून ठीकवरच थांबतो.

तुमच्या तंत्रशाळेच्या विद्यार्थ्यांची भेट दीड तासाची ठरली होती. ती प्रत्यक्षात कितीला पडली ते आधी सांगतो. माझा अख्खा दिवस, चव्वेचाळीस कप चहा, एक स्टूल (त्यावर एकावेळी तिघं बसले), एक बेअरिंग आणि माझी तीस वर्षांची ऐट. यातलं बेअरिंग आणि स्टूल बाजारात नवीन मिळतं.

तुम्ही लिहिलं होतं की पोरं कंटाळली आहेत, वर्गात शिकतो त्याचा नोकरीत काय उपयोग असं विचारतात, तर तो उपयोग त्यांना माझ्या वर्कशॉपमध्ये डोळ्यांनी दिसू दे. मी लगेच हो म्हटलं. मनात मात्र (आता कबूल करायला हरकत नाही) वेगळंच होतं. मी आठवी नापास. हातात पाना आणि डोक्याला दोन कान, एवढ्या भांडवलावर विजेच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान उभं केलं, आज हाताखाली पाच माणसं आहेत. तुमच्या पोरांना पुस्तकाची गरज कुठे लागत नाही, ते दाखवावं, असा माझा बेत होता. तुमच्या घरी जेवताना तुम्ही माझ्याकडे बघून ‘अनुभवालाही किंमत असते’ म्हणता, त्यातल्या त्या ‘ही’ला उत्तर द्यायचं होतं.

तर दहाच्या ठोक्याला बावीस पोरं आणि त्यांचे सर दारात हजर. सरांनी प्रत्येकाला एक कागद दिलेला. त्याला दोन रकाने, डावीकडे ‘वर्गात काय शिकलो’ आणि उजवीकडे ‘कामावर कोणाला, कुठे उपयोग’. डावा रकाना सगळ्यांनी घरूनच भरून आणला होता. उजवा कोरा. मी मनात म्हटलं, बाळांनो, तो तसाच घेऊन घरी जा.

त्याच दिवशी बेकरीवाल्या बाईंची मोटार चार वाजता द्यायची होती. ही मोटार त्यांच्या पीठ मळायच्या मशीनची. दोन महिन्यांत तीनदा जळून आली. पहिल्यांदा आतल्या तारेचं वाइंडिंग भरून दिलं, पंधरा दिवसांत जळाली. दुसऱ्यांदा फुकट भरून दिलं, पुन्हा जळाली. तिसऱ्यांदा बाई स्वतः रिक्षातून मोटार घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “दादा, चार दिवस चौघं जणं हाताने पीठ मळतायत. चौथ्यांदा ही जळाली तर मी काही बोलणार नाही. नुसती दुसऱ्या दुकानात जाईन.” बारा वर्षांचं गिऱ्हाईक. ओरडून गेल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

तिसऱ्यांदाचं वाइंडिंग त्याच सकाळी पुरं झालं होतं. आमच्या मौनीने भरलेलं. (मौनी म्हणजे माझा सगळ्यात जुना कारागीर. दिवसाला बारा शब्द बोलतो, त्यातले तीन चहावाल्याशी.) पोरांसमोर हीच मोटार चालू करून दाखवू, असं मी ठरवलं. बटण दाबलं, मोटार फिरायला लागली. मग मी माझा लांब स्क्रू-ड्रायव्हर काढला, टोक मोटारीच्या अंगाला टेकवलं, मूठ उजव्या कानाला लावली आणि डोळे मिटले. मागून एक पोरगं हळूच म्हणालं, “काका बातम्या ऐकतायत का रे?” माझे कान बघा दाजी, एवढ्या गोंगाटातही ते मला ऐकू आलं. मी डोळे उघडून जाहीर केलं की तीस वर्षांत एकाही मोटारीला या कानाशी खोटं बोलता आलेलं नाही, आणि हे बेअरिंग लोण्यासारखं फिरतंय. दोष होता तो हलक्या वायरीचा. आता भारी वायर घातली आहे, विषय संपला.

पुढच्या रांगेत एक मुलगी होती, केसांत पेन खोचलेली. ती म्हणाली, “काका, शिट्टी ऐकू येतेय.”

मी म्हटलं, कसली शिट्टी? पंखा असेल. पंखा बंद केला. ती म्हणाली, अजून येतेय. मग बाकीची एकवीस डोकी हलायला लागली. सरही खालमानेने हलले. मी पुन्हा स्क्रू-ड्रायव्हर लावला. लोणी! मला वाटलं पोरं मिळून माझी फिरकी घेतायत. (त्या दिवशी मला सर्दीही होती, हे नमूद करतो.)

मुलगी काही सोडेना. बोलण्यात उर्मटपणा नाही हो, पण चौकशी अशी की पोलिसांनी शिकावं. भरून दिल्यावरही दोनदा का जळाली? वायर हलकी. दोन्ही वेळा? हो. आणि बेअरिंग कधी बदललं? मी म्हटलं, चांगलं बेअरिंग कशाला बदलायचं? तेव्हा तिने तो डावा रकाना वाचून दाखवला: “जळालेलं वाइंडिंग हा परिणाम. कारण शोधल्याशिवाय पुन्हा भरू नये.” सर मध्येच खोकले. तुमच्या शाळेत खोकला सगळ्यांनाच आहे का?

मग तिने मोटारीच्या दोन्ही टोकांना हात लावला आणि मला म्हणाली, “तुम्हीच बघा ना.” मी लावला. एक टोक कोमट. दुसऱ्यावरचा हात मी ज्या वेगाने उचलला, तो वेग बावीस जणांनी पाहिला. बेअरिंगच ते, चाळीस मिनिटांत चहाच्या किटलीसारखं तापलेलं.

मोटार उघडली. दाजी, आत लोणी कसलं, ग्रीसचा काळा कोळसा झाला होता आणि गोळ्यांना खड्डे. ते अडखळत फिरायचं, मोटार तापायची, वाइंडिंग जळायचं, आणि मी दर वेळी नवं वाइंडिंग त्याच बेअरिंगच्या तोंडी द्यायचो. मी मौनीकडे पाहिलं. तो म्हणाला, “शिट्टी पहिल्यापासून आहे.” मग बोलला का नाहीस? म्हणाला, “तुम्ही म्हणालात लोणी. मी म्हटलं, असेल.” (त्याचे त्या दिवसाचे बारा शब्द इथेच संपले.)

पोरांचे प्रश्न, चहा आणि खोलाखोली यात घड्याळात अडीच वाजले. नवं बेअरिंग आणायचं तर माझी रीत अशी, की जुनं काढायचं, फडक्यात गुंडाळायचं, बाजारात न्यायचं आणि दुकानदाराच्या तोंडावर धरून ‘असंच दे’ म्हणायचं. जाऊन येऊन दीड तास. पण मघाशी बातम्यांची चौकशी करणारं ते पोरगं पुढे आलं, बेअरिंगच्या कडेवर कोरलेला नंबर फडक्याने पुसून वाचला आणि म्हणालं, शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणलं की आतलं भोक किती मिलिमीटरचं ते कळतं. शेवटी शून्य-पाच होतं, म्हणजे पंचवीस. दांडा मोजला, पंचवीस! दुकानदाराला फोनवर नंबर सांगितला, त्याने सायकलवरून माल पाठवला. मी तीस वर्षं तेलकट फडकी घेऊन बाजारात फिरतोय आणि तो नंबर दर वेळी माझ्या खिशात होता.

चारला पाच मिनिटं कमी असताना बाई आल्या. मोटार फिरत होती, भोवती बावीस पोरं, आणि मी बाजूला हात पुसत उभा. “आज कान नाही लावलात?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आज हात लावला. त्यांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं, केसांतल्या पेनपाशी नजर जरा थांबली, आणि मोटार रिक्षात ठेवायला सांगितली. चौथ्या खेपेबद्दल एक अक्षर नाही. तेच मला घोर लावून गेलं.

जाताना सरांनी कागद गोळा केले. मी वरचा एक बघून घेतला. डावीकडे लिहिलं होतं, ‘आधी निदान, मग दुरुस्ती’. उजवीकडे, कोणाला उपयोग, तर ‘मालकांना’. सर म्हणाले, अक्षर त्याच बातम्यावाल्याचं. तुमच्या शाळेच्या गुणपत्रिकेत विनोदाला गुण असतील तर त्याला द्यावेत.

बाकी क्षेम. ताईला हे पत्र मोठ्याने वाचून दाखवू नये.

तुमचा,
धाकटा मेहुणा

ता. क. १: मोटार देऊन आज चाळीस दिवस झाले. चालू आहे. बाईंनी काल बेकरीतला बिघडलेला पाण्याचा पंप पाठवला, सोबत निरोप की ‘ती पेनवाली मुलगी असेल तेव्हाच उघडा’. म्हणून तिला सुट्टीत माझ्याकडे कामाला पाठवावं. चहा नेऊन देण्यासाठी नव्हे, निदानासाठी.

ता. क. २: खरं म्हणजे पत्र एवढ्यासाठीच लिहायला घेतलं. तुमचा मंगळवारचा संध्याकाळचा वर्ग असतो, त्यात मला बसायचं आहे. परीक्षा नको, हजेरीत नाव नको, कोणी विचारलं तर पाहुणे म्हणून सांगावं. शेवटचा बाक चालेल.

ता. क. ३: शेवटचा नको, पहिला द्यावा; वर्गात मोटार चालू करून दाखवलीत तर मला जवळ असायला हवं. हिच्या आग्रहाखातर काल कान तपासून घेतले. माणसांचं बोलणं दोन्हीकडे ठीक ऐकू येतं. उजव्या कानाला शिट्टीसारखे बारीक आवाज गेली सहा-सात वर्षं ऐकू येत नसावेत, असं डॉक्टर म्हणाले. सर्दी नव्हती.