उतरलेल्या दोन तारा

प्रिय आईस, तुझ्या धाकटीचा वाकून नमस्कार.

आम्ही दोघं मजेत आहोत. तुझा गुडघा कसा आहे? दादा वेळेवर जेवतो ना?

दर शनिवारी दुपारी कोपऱ्यावरच्या कॅफेत आमची जोडी असते. हे गिटार वाजवतात, मी ब्लूज गाते, म्हणजे ती अमेरिकेतली दुःखाची गाणी. वीसेक माणसं कप बाजूला ठेवून ऐकतात.

लिहिणार नव्हते, पण ह्यांना हल्ली कमी ऐकू येतं. अठरा वर्षं छापखान्यातल्या यंत्रांपुढे गेली. गिटार मात्र अजून कानानेच जुळवतात, आणि दोन तारा उतरलेल्याच राहतात. मी जुळवायचं यंत्र आणलं, तर म्हणाले, "माझे कान काय गहाण पडलेत?" तेव्हापासून मीच माझा सूर ओढून त्या तारांपाशी नेते. ब्लूजमध्ये सूर वाकवतातच, म्हणून लोकांना ती माझी शैली वाटते.

परवा एक बाई डोळे पुसत म्हणाल्या, "काय आर्त लागतो हो तुमचा सूर!"

ह्यांनी विचारलं, "काय म्हणाल्या गं?"

"तुमची गिटार फार आवडली म्हणाल्या."

आई, इतके खूश झाले की मोठ्या सभागृहातल्या कार्यक्रमाला तिथल्या तिथे हो म्हणाले. इतके दिवस टाळत होते. तिथे साथीला पियानो आहे, आणि पियानोचा सूर काही माझ्यासारखा ह्यांच्या तारांसाठी खाली उतरणार नाही. हे रोज सकाळी शीळ घालत सराव करतात. मी समोर बसून मान डोलावते.

काय करू, ते लवकर कळव.

तुझीच,
धाकटी