स्वकर्मरोध हा शब्द

सर, सोमवारी सकाळी देवपूजा आटोपली आणि तुमच्या फोटोला फूल वाहायला गेलेला हात मी मागे घेतला. बायको म्हणाली, "सरांना विसरलात?" म्हटलं, "विसरता येत नाही गं, तेच तर." डबा घेऊन निघालो. त्या दिवशी वर्गात तोच धडा शिकवायचा होता.

तुमचं अंधेरीचं स्वयंपाकघर आठवतं. तुमचं मराठी जीवरसायनाचं पुस्तक चाललंय, मी कच्ची प्रत वाचून दाखवतोय. चहा गाळता गाळता तुम्ही 'सुइसाइड इनहिबिशन' समजावताय. विकर, म्हणजे एन्झाइम, एखाद्या रेणूला आपला नेहमीचाच समजून आत घेतं, त्याच्यावर रोजचं काम सुरू करतं, आणि त्या कामातून जे तयार होतं तेच त्याला कायमचं चिकटून बसतं. विकर स्वतःच्या हाताने निकामी होतं, म्हणून इंग्रजीत आत्महत्येचं नाव. तुम्ही 'आत्मघाती निरोध' लिहिलं होतं. मी म्हणालो, "सर, ते मरायला कुठे गेलंय? नेमून दिलेलं कर्मच करतंय ना? स्वकर्मरोध म्हणा." गावच्या देवळात ऐकलेल्या कीर्तनांतून आला असेल तो शब्द. तुम्ही गाळणी तशीच हातात धरून राहिलात. "तुझ्या गावच्या शाळेचे उपकार मान रे," म्हणालात.

बोरिवलीला प्रकाशन झालं तेव्हा खुर्च्या मी लावल्या. व्यासपीठावरून तुम्ही सांगितलंत, एका पहाटे जपाला बसलो असताना हा शब्द सुचला. प्रस्तावनेतही तेच. नंतर जवळ आलो, तर पाठीवर हात ठेवून म्हणालात, "शब्दाला कुठे बाप असतो रे?" शब्द घ्यायचात, सर. देवाला कशाला मध्ये आणलंत? तेच जास्त लागलं. तरी मी वाकून नमस्कार केला, आणि पुढे दरवर्षी मुलांना तुमचंच नाव सांगत आलो.

सोमवारी, मुलुंडच्या आमच्या कॉलेजात, मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "सर, सुइसाइड सोपं होतं ना. हा स्वकर्मरोध कोणी काढला?"

शेजारची मुलगी त्याला म्हणाली, "प्रस्तावनेत आहे. पुस्तक उघड कधीतरी."

"तिथे लिहिलंय ते खरं नाही," मी म्हणालो. "तो शब्द माझा. सरांना मी सुचवला होता."

मग तीच म्हणाली, "म्हणजे सर खोटं बोलले?"

हे पत्र कुठे पाठवणार? तुम्ही असतात तरी पाठवलं नसतं. तुमच्यासमोर हे बोलायची माझी छाती नव्हती, एवढं कबूल करतो. पण त्या मुलीला उत्तर दिलं, सर. हो म्हणालो.