सकाळची धपधप

जबलपूर

प्रिय दादा,

सप्रेम जयभीम. तू शिकवलेला कुंग फूचा फॉर्म, तो सगळ्या हालचालींचा क्रम, आता घरीच रोज करून राहिली. आधी कंटाळा यायचा. मग ठरवलं, फॉर्म झाल्याशिवाय चहा ठेवायचा नाही.

खाली घरमालकीण मालनमावशी राहतात. सुरुवातीला त्या खालून ओरडल्या, "काहून नाचून राहिली गं सकाळी सकाळी?" मग मी सतरंजी टाकून करायला लागली.

परवा अंगात ताप होता, उठवलंच नाही. तर मावशी खिचडी घेऊन वर आल्या. म्हणाल्या, "आज धपधप नाही आली, म्हटलं पोरगी बरी आहे ना?" मला रडूच आलं.

आज पुन्हा केला. वळताना तोल जाते, पण पूर्ण केला.

तुझा दुखरा गुडघा कसा आहे? आईला तापाचं सांगू नको. मावशी माझ्यावर लक्ष ठेवतात, तेवढं सांग.

तुझीच,
एकता